भाडं थकलेला स्पायडरमॅन

पीटर पार्करचा, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनचा, वाढदिवस साजरा करून पाहुणे निघून गेलेत. क्वीन्समधल्या त्या जुन्या घरात आता तो आणि मे काकू दोघंच आहेत. (चित्रपटात ती ‘आंट’ आहे, पण तिचा नवरा बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ, तेव्हा माझ्या लेखी ती काकूच.) पीटरच्या नजरेला बँकेचा कागद पडलाय. घराचे हप्ते थकलेत, घर जायची वेळ आलीय. काकू तो विषय झटकून टाकते आणि उलट त्यालाच विचारते, तुला पैसे लागत असतील ना? तो नाही म्हणतो. ती वीस डॉलरची नोट पुढे करते. तो घेत नाही. आणि मग ती शांत, समजूतदार म्हातारी एकदम भडकते. फार नाहीयेत, घे म्हणते ना, इथे ठेवून जायचं नाही, असं जवळजवळ ओरडते आणि पुढच्याच क्षणी तिला रडू फुटतं.

ही वीसची नोट पीटरच्या हातात एक रात्रसुद्धा टिकत नाही. खोलीवर परततो तर घरमालक मिस्टर डिटकोविच दारातच. भाडं थकलंय. आठवडाभर पुरवायचे म्हणून ठेवलेले ते वीस डॉलर डिटकोविच काढून घेतो.

सुपरहिरोंच्या चित्रपटांत आजवर शहरं वाचली, पृथ्वी वाचली, अख्खं विश्वसुद्धा वाचलं. त्यांतलं पुष्कळ मी पाहिलंय आणि मनापासून पाहिलंय. पण सगळ्यांत वरचा चित्रपट कोणता असं कुणी विचारलं की मला २००४ चा ‘स्पायडरमॅन २’ आठवतो, आणि त्यातही आधी ती नोट आठवते.

मी तो पहिल्यांदा पाहिला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, पुण्यात. पाटण तालुक्यातल्या गावाहून बी.फार्म.ला आले होते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते, एका खोलीत चौघी. महिन्याची वीस तारीख उलटली की मेसच्या काकूंच्या समोरून जाताना मान आपोआप खाली जायची. गावाहून पुण्याला येताना एसटी कराडला थांबायची आणि तिथे आत्या आलेली असायची. शिवणकाम करणारी बाई. खिडकीतून डबा आत द्यायची आणि डब्याबरोबर माझ्या मुठीत काहीतरी कोंबायची. घड्या घालून घालून सुपारीएवढी झालेली पन्नासची नोट. बस हलेपर्यंत माझी मूठ सोडायची नाही. एकदा मी नको म्हणाले. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय हे मला ठाऊक होतं. तर स्टँडवर, सगळ्यांदेखत कडाडली, “मोठी झालीस व्हय? घे म्हणते न्हवं!” आणि पदर डोळ्यांना लावून पाठ फिरवून चालती झाली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी अंधारात बसून पडद्यावर मे काकूला ओरडताना पाहिलं. रोझमेरी हॅरिस या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या अभिनेत्रीने ती केलीय. देणाऱ्याजवळच फारसं काही नसतं तेव्हा नाही म्हणणं हा त्याचा अपमान असतो, हे तिच्या आवाजाच्या एका चढात आहे. शेजारी बसलेली माझी रूममेट पॉपकॉर्न पुढे करत होती आणि मला घास उतरत नव्हता.

हा प्रसंग तिथेच थांबत नाही. रडता रडता काकू म्हणते की बेनची फार आठवण येते, जाऊन दोन वर्षं होत आली. ज्याच्यामुळे हे झालं तो समोर आला तर काय करेन, मलाच माहीत नाही. आणि पीटर, हातात तिची नोट धरून, ऐकत उभा असतो. बेन काकाच्या मृत्यूत आपला किती वाटा आहे हे त्याला एकट्यालाच माहीत आहे. ज्या चोराला त्याने रागाच्या भरात पळून जाऊ दिलं होतं, त्यानेच पुढे जाऊन काकाचा जीव घेतला. पैशाची लाज आणि मनातली अपराधाची जाणीव पटकथेने एकाच नोटेत बांधून टाकली आहे.

ही पटकथा लिहिली ॲल्विन सार्जंट यांनी. त्यांचा जन्म १९२७ चा, रोझमेरी हॅरिस यांचाही १९२७ चाच. म्हणजे पंचविशीच्या आतल्या पोराची ही गोष्ट पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने कागदावर उतरवली. याच सार्जंटना ‘ऑर्डिनरी पीपल’साठी पटकथेचं ऑस्कर मिळालं होतं. एका मुलाच्या मृत्यूनंतर आतून मोडत गेलेल्या घराची ती गोष्ट. मला हे पुष्कळ वर्षांनी कळलं आणि एकदम लख्ख वाटलं. विधवा बाईच्या स्वयंपाकघरातली ती शांतता कुठून आली असेल, हे कोडं सुटलं.

चित्रपटाचा पहिला अर्धा तास बघा. स्पायडरमॅन आपल्याला प्रथम भेटतो तो पिझ्झा पोचवणारा पोऱ्या म्हणून. आठ पिझ्झा, हातात साडेसात मिनिटं, नाहीतर नोकरी गेली. दुकानाचे मालक मिस्टर अझीझ झालेत आसिफ मांडवी, जन्म मुंबईचा. वाटेत रस्त्यावर धावत आलेली दोन मुलं ट्रकखाली सापडणार असतात, त्यांना वाचवण्यात वेळ जातो. पिझ्झा उशिरा पोचतात, स्वागतकक्षातली बाई पैसे द्यायला नकार देते, नोकरी जाते. वर्तमानपत्राच्या कचेरीत फोटो विकून पैसे मिळतात, तर ते दोन आठवड्यांपूर्वी घेतलेल्या उचलीलाही पुरत नाहीत. ‘उचल’ हा शब्द आमच्याकडे ऊसतोड्यांच्या तोंडी असतो. पैसा हातात येण्याआधीच संपलेला असणं काय असतं, ते या एका शब्दात आहे. कॉलेजात प्राध्यापक म्हणतात, हुशार आहेस पण आळशी. जिच्यावर जीव आहे त्या मेरी जेनच्या नाटकाला जायचं, तिने खुर्ची राखून ठेवलेली, तर पोचेपर्यंत दार बंद झालेलं. श्रीमंतांच्या पार्टीत फोटो काढायला जातो, भूक लागलेली असते, आणि प्रत्येक वेळी ताटाकडे हात नेला की ताट रिकामं होऊन पुढे गेलेलं.

थिएटरात लोक हसत होते. हसण्यासारखंच आहे ते, आणि दिग्दर्शक सॅम रायमींना हशा कसा पिकवायचा हे चांगलं कळतं. पण त्या हशाच्या खाली एक गोष्ट घट्ट बसवलेली आहे. पीटरचा प्रत्येक उशीर कुणाला तरी वाचवण्यात झालेला आहे, आणि तो कुणाला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून तो बेजबाबदार, विसराळू, आळशी ठरतो. चांगलं काम केल्याची शिक्षा त्याला रोज, किरकोळ हप्त्यांत भरावी लागते.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये कॉमिकमध्ये स्पायडरमॅन काढला तेव्हा नवलाई हीच होती. परग्रहावरून आलेला देव नाही, वाड्यात राहणारा धनाढ्य नाही, तर काकूच्या औषधाच्या बिलाची काळजी करणारा शाळकरी मुलगा. भिंतीवर चढणं ही पुढची गोष्ट. (घरमालकाचं नाव डिटकोविच का, याचंही उत्तर इथेच दडलेलं असावं.) १९६७ च्या पन्नासाव्या अंकात पीटर तो पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठमोरा चालता होतो, ते चित्र रायमींनी या चित्रपटात जसंच्या तसं उभं केलंय. बाकी बरेच चित्रपट या माणसाकडून त्याची कोळ्याची ताकद तेवढी उचलतात. ‘स्पायडरमॅन २’ त्याचं भाड्याचं पुस्तकही उचलतो.

आता मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याशिवाय हा चित्रपट मला का धरून ठेवतो ते सांगता येणार नाही.

आण्णा वायरमन होते. कागदोपत्री हुद्दा वेगळा असेल, पण आमच्या भागात सगळे वायरमनच म्हणतात. कोयनेचं पाणी जिथे वीज बनतं तिथून आमचं गाव फार लांब नाही, तरी वळवाच्या पहिल्या वाऱ्याला आमचीच लाइन आधी जायची. मे महिन्यात दुपारी आभाळ काळं व्हायला लागलं की आण्णा जेवण उरकून घ्यायचे. कुठे झाडाची फांदी तारेवर पडायची, कुठे तारा जोडणारा जम्पर तुटायचा, कुठे डीपीवरचा डीओ फ्यूज उडायचा. रात्री अकराला कुणीतरी दार वाजवायचं. आण्णा पकड, दोर, हातमोजे घेऊन एम-एटीला किक मारायचे. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते घरी नव्हते. थोरल्या ताईच्या साखरपुड्यात पाहुणे जेवायला बसले आणि हे पत्रावळी वाढायच्या ऐवजी वरच्या आळीत पोलवर. मामा आईला म्हणाले होते, दाजींना घरच्या कार्याचं काही नसतं बघ. आण्णांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत. लाइन गेली की गाव त्यांचं नाव घ्यायचं आणि ते नाव कसं घ्यायचं ते मी दारात उभी राहून ऐकलेलं आहे. लाइन आली की कुणालाच त्यांचं नाव आठवायचं नाही. दिवा लागतो तेव्हा तो कुणी लावला असं कुणाच्या मनात येत नाही.

म्हणून नाटकाच्या बंद दाराबाहेर ताटकळलेला पीटर बघताना मला पत्रावळी आठवल्या.

चित्रपटाच्या मध्यावर त्याची ताकद जायला लागते. जाळं सुटत नाही, भिंतीवरून हात निसटतात, चष्मा पुन्हा लागतो. एकदा तर तो पूर्ण पोशाखात लिफ्टने खाली येतो, शेजारी एक अनोळखी माणूस उभा, आणि दोघं अवघडून पोशाखाबद्दल दोन वाक्यं बोलतात. डॉक्टरकडे जातो तर शरीरात काही बिघाड नाही. पडतोस म्हणजे कदाचित तू चढायचंच नसेल, असं काहीसं डॉक्टर सुचवतात. या ताकद जाण्याचं कारण चित्रपट सोडवून दाखवत नाही, आणि ते मला योग्य वाटतं. थकलेल्या माणसाला कारण विचारलं तर त्यालाही ते सांगता येत नाही.

मग तो सोडून देतो. पोशाख कचऱ्यात. आणि पडद्यावर एकदम ऊन पडतं. अभ्यास होतो, वेळेवर वर्गात पोचतो, नाटक बघायला जातो, रस्त्यात चालताना पार्श्वभूमीला जुनं आनंदी गाणं. रायमी त्या सुखाची चेष्टा करत नाहीत. ते खरं सुख आहे. माणसाला स्वतःपुरतं जगायचा अधिकार आहे आणि त्यात गोडी आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढच्या त्यागाला काही किंमतच उरली नसती.

आणि मग ती आग. पीटर आता साधा माणूस आहे, चष्मा लावणारा. इमारत पेटलीय, आत लहान मूल अडकलंय हे कळतं आणि तो तसाच आत शिरतो. धुरात चाचपडत, ठेचकाळत तो त्या मुलीला बाहेर आणतो. आईबापांच्या हाती देतो. आता टाळ्या वाजवायच्या, असं वाटत असतानाच अग्निशमन दलाचा माणूस सांगतो की चौथ्या मजल्यावर एकजण अडकला होता, तो गेला.

चित्रपट त्या माणसाचा चेहरा दाखवत नाही, नाव सांगत नाही. पीटर फूटपाथवर बसून आहे, बस. मी आजवर पाहिलेल्या सुपरहिरोंच्या चित्रपटांत इतकी जड ओळ दुसरी नाही. इमारती कोसळतात, पूल तुटतात, आणि खाली कोण होतं हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. इथे एकच माणूस मेलाय आणि कॅमेरा तिथून हलायला तयार नाही. पोशाख घातलेला असता तर तो चौथ्या मजल्यावर पोचला असता का? असता, बहुतेक. चित्रपट हा प्रश्न मोठ्याने विचारत नाही.

यानंतरचा प्रसंग तर मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलाय. पीटर खोलीत, खिडकीशी, काय करावं ते न सुचलेला. दारावर टकटक. डिटकोविचची मुलगी उर्सुला. काटकुळी, लाजरी, बोलताना जमिनीकडे बघणारी. विचारते, चॉकलेट केक खाणार का? आणि दूध? तो हो म्हणतो. ती केकचा तुकडा आणि दूध आणते. तो खातो. ती बघते. बशी घेऊन निघून जाते. कथानकाला याचा काडीचा उपयोग नाही. ती त्याच्यावर जीव टाकते की नाही हे कळत नाही, पुढे त्याचं काही होत नाही. इतक्या प्रचंड खर्चाच्या चित्रपटात एका मुलीने थकलेल्या भाडेकरूला केक दिला, एवढ्यासाठी वेळ राखून ठेवला गेला. हा प्रसंग कापू न देणाऱ्या सगळ्यांचे मला आभार मानावेसे वाटतात. माझ्या त्या खोलीतली एक मुलगी, जिच्याशी माझं फारसं बोलणंही नव्हतं, मला ताप आला तेव्हा रात्री स्टोव्हवर मऊ भात करून उशाशी ठेवून गेली होती. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. भाताची चव अजून आहे.

खलनायकाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. आल्फ्रेड मोलिना यांचा शास्त्रज्ञ ऑटो ऑक्टेव्हियस पहिल्या भेटीत पीटरला घरी जेवायला बसवतो, बायकोबद्दल बोलतो, ती साहित्य शिकायची म्हणून आपण टी. एस. एलियट समजून घ्यायला धडपडलो ते सांगतो. बुद्धी ही मिरवायची गोष्ट नाही, ती देणगी आहे आणि लोकांसाठी वापरायची आहे, हे पीटरला शिकवणारा तोच. मग कृत्रिम सूर्य पेटवायचा त्याचा प्रयोग फसतो, त्याची रोझी डोळ्यांदेखत जाते, आणि पाठीच्या कण्याला चिकटलेले ते चार पोलादी हात त्याच्या डोक्यात बोलू लागतात. ते हात बऱ्याच दृश्यांत संगणकाने काढलेले नाहीत. खरे बनवलेले होते, आणि एकेका हाताला चार-चार कळसूत्री कलाकार चालवत होते. म्हणून त्यांना स्वभाव आहे. एखादा हात मालकाचा चष्मा नाजूकपणे काढतो तेव्हा अंगावर काटा येतो. ऑपरेशन थिएटरचा प्रसंग रायमींनी संगीताशिवाय, निव्वळ किंकाळ्या आणि फरशीवर ओरखडणाऱ्या नखांवर उभा केलाय. भयपटांतून वर आलेल्या दिग्दर्शकाचा हात तिथे लगेच ओळखू येतो. या चित्रपटाला २००५ मध्ये दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळालं, ते सार्थ होतं.

इतर चित्रपटांशी तुलना करायची तर प्रामाणिकपणे करायला हवी. १९७८ चा ‘सुपरमॅन’ बघताना ख्रिस्तोफर रीव्हच्या चेहऱ्यावरचं निर्मळपण पुन्हा कुणाला जमलेलं नाही. २००८ चा ‘द डार्क नाइट’ विचाराने जास्त खोल आहे, हीथ लेजरचा जोकर बघून मी दोन दिवस अस्वस्थ होते. २०१८ चा ‘इन्टु द स्पायडर-व्हर्स’ डोळ्यांना जे देतो ते बाकी कुणी दिलेलं नाही. ‘लोगन’ तर म्हातारपण आणि सेवा या विषयावरचा चित्रपट आहे, आणि तोच माझ्या लेखी दुसऱ्या क्रमांकावर. पण बॅटमॅन, म्हणजे ब्रूस वेन, रात्रभर मार खाऊन घरी येतो तेव्हा चहा घेऊन त्याचा नोकर आल्फ्रेड उभा असतो. आयर्नमॅन टोनी स्टार्कचं घर पडलं तर तो दुसरं बांधतो. त्यांचं दुःख खोटं नाही. पण सकाळी कामावर गेलो नाही तर पगार कापला जाईल, हा विचार त्यांच्या दुःखात कधी शिरत नाही. जगातल्या बहुतेक माणसांच्या दुःखात तो शिरतोच. पीटर वाईटाशी लढतो ते रिकाम्या पोटी आणि भाडं थकवून. त्याचा चांगुलपणा मला जास्त खरा वाटतो तो यामुळे.

उणं काही नाही असं नाही. मेरी जेनला पटकथेने तिच्या वाटणीचं पुरेसं दिलेलं नाही. शेवटी तिलाच पळवून नेऊन बांधून ठेवणं हे जुनं, शिळं आहे. तिने लग्नाच्या मांडवात सोडून दिलेल्या त्या जेमसन अंतराळवीराचा काही दोष नव्हता, त्याच्याबद्दल मला दर वेळी वाईट वाटतं. आणि सूर्य नदीत बुडवून विझवण्याचं विज्ञान विचारू नये.

पण आगगाडी.

ऑक्टेव्हियस गाडीचा ब्रेक मोडून निघून जातो. उन्नत मार्गावरची गाडी, पुढे रूळ संपलेले. (गोष्ट न्यूयॉर्कची असली तरी हे चित्रण शिकागोच्या उन्नत रेल्वेवर झालेलं आहे.) पीटर मुखवटा काढून फेकतो, गाडीच्या तोंडाशी उभा राहतो. आधी पाय रोवून बघतो, फळ्या फुटत जातात. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकतो, एकामागून एक, आणि सगळ्या तारा दोन मुठींत धरून ताणतो. छातीवरचा पोशाख फाटतो. गाडी थांबते ती रूळ संपता संपता. तो शुद्ध हरपून पुढे कोसळणार, तेवढ्यात फुटलेल्या काचेतून हात येतात आणि त्याला आत ओढतात. डब्यातले लोक त्याला डोक्यावरून, हातांवरून, मागे मागे नेतात आणि अलगद खाली ठेवतात. एकजण म्हणतो, हा तर पोरगा आहे, माझ्या मुलाएवढा. सगळ्या शहरात ज्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही, तो चेहरा एक डबाभर माणसांनी पाहिला. दोन मुलं त्याचा मुखवटा आणून देतात. आम्ही कुणाला सांगणार नाही, म्हणतात. आणि ऑक्टेव्हियस परत येतो तेव्हा तीच माणसं, निःशस्त्र, एकेक करून मध्ये उभी राहतात. अर्थातच त्यांना बाजूला ढकलायला त्याला क्षणही लागत नाही. तरी ती उभी राहतात.

आण्णांनी हा प्रसंग निवृत्तीनंतर पाहिला. एका रविवारी दुपारी टीव्हीवर हिंदीतून लागला होता. मी माहेरी गेले होते. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, चित्रपटाकडे लक्ष नव्हतं. गाडी सुरू झाली तसे हात थांबले. पीटरने दोन्ही बाजूंना जाळी फेकली आणि आण्णा टीव्हीकडे बघत, कुणाला उद्देशून नाही असे, म्हणाले, “दोन्हीकडनं ताण दिलाय बघ त्यानं. पोलाला देतो तसा.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. विजेचा पोल वाकू नये म्हणून तारेने जमिनीला बांधतात, त्याला ताण देणं म्हणतात. एवढी वर्षं हा प्रसंग पाहत होते, पण तो असा माझ्या ध्यानात आला नव्हता.

“पण हितं पोल त्योच हाय,” आण्णा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “हात गेलं आसतील पोराचं.”

सगळे गाडी बघतात. ते हात बघत होते. त्यांच्या तळव्यांवर, अंगठ्याच्या बुडाशी, तार ओढून ओढून पडलेले जाड पट्टे आहेत, अजून आहेत. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पाणी प्यायले.

मे काकूकडे पुन्हा यायला हवं, कारण चित्रपटाची किल्ली तिच्याकडे आहे. काकाच्या मृत्यूबद्दल पीटर तिला खरं सांगतो. जेवणाच्या टेबलाशी, तिचा हात हातात घेऊन. ऐकताना तिचा हात हळूच त्याच्या हातातून निघतो. ती एक शब्द न बोलता उठते आणि जिना चढून वर जाते. पीटर टेबलाशी तसाच. क्षमा लगेच मिळत नाही. पुढे काही दिवसांनी, घर सोडायची बांधाबांध चाललेली असताना, ती त्याला जवळ घेते. शेजारचा लहान हेन्री तिला खोकी उचलायला मदत करतोय, त्याचे डोळे स्पायडरमॅन कुठे गेला म्हणून शोधताहेत. त्या अंगणात ती पीटरला सांगते की अशा पोरांना कुणीतरी डोळ्यांसमोर लागतं, आणि कधी कधी योग्य ते करायचं तर जे सगळ्यांत जास्त हवं असतं तेच सोडावं लागतं, स्वप्नंसुद्धा. तिला पीटरचं गुपित माहीत आहे की नाही? मला वाटतं आहे. ती विचारत नाही इतकंच. माझी आई आण्णांना कधी विचारायची नाही की आज किती उंचावर होता.

हेच वाक्य पीटर शेवटी ऑक्टेव्हियसला म्हणतो. स्वप्न सोड. म्हणजे म्हातारीने सामान बांधता बांधता सांगितलेली गोष्ट शहर वाचवते. मारामारीने प्रश्न सुटत नाही, ऑक्टेव्हियस स्वतः शुद्धीवर येऊन आपलं यंत्र बुडवतो आणि त्याच्याबरोबर जातो.

आणि शेवटचं दृश्य. मेरी जेन लग्न सोडून, पांढऱ्या झग्यात शहरभर धावत पीटरच्या त्या कळकट खोलीच्या दारात येऊन उभी राहते. तुला वाचवायला कुणी यायला नको का, असं विचारते. इथवर सगळं सुखाचं. तेवढ्यात बाहेर पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे. ती त्याला जायला सांगते, हसून. तो उडी मारतो, इमारतींमधून झोके घेत जातो, संगीत वर चढतं. कुठलाही दुसरा चित्रपट इथे संपला असता. रायमी परत खिडकीशी येतात. मेरी जेन एकटी, झग्यातच. हसू ओसरलंय. ती बाहेर बघतेय. त्या चेहऱ्यावर चित्रपट संपतो.

मी तिसरी-चौथीत असताना आण्णांबरोबरचा एक मदतनीस पोलवरच दगावला. लाइन बंद करून, परवानगी घेऊन चढला होता, पण कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी तारेत आली. त्यानंतर आई वळवाच्या रात्री झोपायची नाही. अंधारात कंदील लावून उंबऱ्याशी बसायची. आम्ही तिच्या मांडीवर पेंगत असायचो. पहाटेकडे कधीतरी दिवा लागायचा, एकदम, सगळ्या गावात. शेजारच्या घरांतून ‘आली, आली’ ऐकू यायचं, कुणाचा तरी रेडिओ मध्येच सुरू व्हायचा. आईला मात्र त्या दिव्यातून एवढंच कळायचं की तार जोडली गेली. माणूस खाली उतरला की नाही, ते दिवा सांगत नाही. ती उठून भात टाकायची आणि परत दारात येऊन उभी राहायची, वळणावर एम-एटीचा आवाज येईपर्यंत.